लाईट गेल्यावर लॅपटॉपने काय करावे

अलिबागजवळच्या चौलला राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्याचे एका नेटवर्कवर भागत नाही. घरात फायबरचा राउटर असतो, खिशात मोबाइलचा डेटा असतो, आणि वाडीच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या असतील तर तिथे आणखी एक राउटर किंवा रिपीटर टांगलेला असतो. अलिबागच्या एखाद्या कार्यालयात गेले तर भिंतीतून आलेली लॅनची वायर हातात येते, मुंबईला गेले तर स्टेशनातले किंवा कॉलेजातले वायफाय. त्यात कोकणचा पाऊस. वारा सुटला की लाईट जाते, झावळी पडली की फायबर तुटते, आणि लाईट आली तरी नेट येतेच असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा टाळेबंदीमुळे कितीतरी लोक घरून काम करत होते. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, रायगडातल्या अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे टॉवरही बंद पडले. एवढे मोठे संकट रोज येत नाही. तासा-दोन तासांसाठी लाईट जाणे मात्र पावसाळाभर चालूच असते.

म्हणून इथे लॅपटॉपला नेटवर्क बदलता येणे ही गरज आहे. आणि ते त्याने आपले आपण बदलावे, प्रत्येक वेळी मेनू उघडून नाव निवडायला लावू नये, ही अपेक्षाही रास्त आहे. लिनक्स हे काम उत्तम करू शकतो. पण बसवल्याबरोबर तो निम्मेच करतो. उरलेले निम्मे का होत नाही हे कळायला आतली व्यवस्था एकदा सावकाश पाहावी लागते. माझ्या मते बहुतेकांची अडचण एकाच घोटाळ्यातून येते. कोणाशी जोडून घ्यायचे हा एक प्रश्न. जोडलेल्यांपैकी कोणाकडून डेटा पाठवायचा हा दुसरा. लिनक्स या दोहोंची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो, आणि आपण मात्र एका खटक्याने दोन्ही सुटतील असे धरून चालतो.

आधी पहिला प्रश्न घेऊ. उबंटू, फेडोरा, डेबियन, लिनक्स मिंट यांपैकी काहीही वापरत असाल तरी डेस्कटॉपवर नेटवर्कचा कारभार सहसा नेटवर्कमॅनेजर नावाची सेवा पाहते. रेड हॅटच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये ती सुरू केली. त्याआधी लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्या लिनक्सवाल्याला प्रत्येक ठिकाणची माहिती फायलीत हाताने लिहून ठेवावी लागे. डेबियनवर गेसनेट नावाचे एक साधन होते. ओळखीच्या पत्त्यांना विचारणा करून कोण उत्तर देते हे ते पाही, आणि त्यावरून आपण घरी आहोत की कचेरीत याचा अंदाज बांधी. कल्पना चतुर होती, पण जुळवायला वेळ फार लागे.

नेटवर्कमॅनेजर प्रत्येक ओळखीच्या नेटवर्कसाठी एक प्रोफाइल ठेवतो. त्यात वायफायचे नाव, पासवर्ड, पत्ता राउटरकडून घ्यायचा की ठरलेला वापरायचा, आपोआप जोडायचे की नाही, अशी सगळी माहिती असते. ही प्रोफाइले म्हणजे साध्या मजकुराच्या फायली. त्या ईटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजरच्या नावाच्या फोल्डरात, सिस्टिम-कनेक्शन्स इथे असतात, आणि त्या फक्त रूट वापरकर्त्यालाच वाचता येतात. उबंटूच्या २३.१० आवृत्तीपासून ही माहिती नेटप्लॅन नावाच्या दुसऱ्या साधनाच्या फायलींत लिहिली जाते, पण वापरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव हवेत पुकारत असतो. लॅपटॉपचे वायफाय कार्ड ती नावे ऐकते, शिवाय अधूनमधून स्वतःही विचारणा करते. ऐकू आलेल्या नावांची यादी नेटवर्कमॅनेजर आपल्या प्रोफाइलांशी ताडून पाहतो. ओळखीचे नाव सापडले, त्या प्रोफाइलवर आपोआप जोडण्याची परवानगी असली, की तो पुढचे काम डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमाकडे सोपवतो. पासवर्ड न सांगता तो माहीत असल्याची खात्री राउटरला पटवून देणे हे त्याचे काम. चार निरोपांत ते उरकते. मग डीएचसीपी या पद्धतीने लॅपटॉप राउटरकडे पत्ता मागतो, राउटर एक पत्ता देऊ करतो, लॅपटॉप तो स्वीकारतो आणि राउटर शिक्कामोर्तब करतो. हेही चार निरोप. हे सारे सुरळीत झाले तर दोन-तीन सेकंदांत जोडणी पूर्ण होते.

एकाच वेळी दोन ओळखीची नावे ऐकू आली तर? प्रत्येक प्रोफाइलला एक अग्रक्रम असतो, उणे ९९९ पासून ९९९ पर्यंतचा आकडा. मोठा आकडा आधी. मुळात सगळ्यांचा आकडा शून्य असतो, आणि बरोबरी झाली तर ज्याच्याशी सर्वांत अलीकडे जोडले होते ते निवडले जाते. चौलच्या घरात गोंधळ सुरू होतो तो इथूनच. काल लाईट गेली म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवर काम केले, आज सकाळी फोनचा हॉटस्पॉट चुकून चालूच राहिला. घरचा राउटर शेजारी असूनही लॅपटॉप फोनलाच जाऊन चिकटतो, कारण बरोबरीत कालचा सोबती तोच होता. दुपारपर्यंत दिवसाचा मोबाइल डेटा संपलेला असतो.

उपाय सोपा आहे. घरच्या राउटरला ५०, फोनच्या हॉटस्पॉटला १० असा अग्रक्रम द्यावा. कार्यालयाला ५० दिले तरी हरकत नाही, कारण घर आणि कार्यालय एकाच वेळी कधी ऐकू येत नाहीत. केडीईच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आपोआप जोडण्याच्या चौकोनाशेजारीच हा आकडा लिहायची जागा आहे. ग्नोमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ती दिसत नाही. तिथे नेटवर्कमॅनेजरचे वेगळे संपादन-साधन उघडून ‘जनरल’ या पानावर जावे लागते. टर्मिनलवर काम करणाऱ्यांसाठी एनएमसीएलआय ही आज्ञा आहे. तिच्यापुढे कनेक्शन, मॉडिफाय, प्रोफाइलचे नाव, आणि मग गुणधर्म व किंमत अशा क्रमाने लिहायचे. या गुणधर्माचे नाव कनेक्शन डॉट ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी.

वाडीतल्या दोन राउटरांबद्दल एक सूचना इथेच करतो. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय नीट जात नाही, आणि पोफळीच्या दाट, पावसाने भिजलेल्या पानांतून तर आणखीच कमी. पानांतले आणि पानांवरचे पाणी या लहरी शोषून घेते. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा तोटा अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासच्या जुन्या पट्ट्यापेक्षा जास्त. म्हणून दुसरा राउटर लावावाच लागतो. तो लावताना त्याला वेगळे नाव देण्याचा मोह टाळावा. दोघांचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवला तर लॅपटॉपच्या दृष्टीने ते एकच नेटवर्क असते, प्रोफाइल एकच पुरते. ओटीवरून उठून वाडीतल्या खोलीत गेलात तर, सिग्नल साधारण उणे ७० डीबीएमच्या खाली घसरला की, सप्लिकंट स्वतः दुसरा राउटर शोधून त्याच्याकडे सरकतो. दुसरा राउटर पहिल्याशी केबलने जोडलेला आणि पत्ते वाटण्याचे काम एकट्या पहिल्याकडे असले तर पत्ताही बदलत नाही, चालू कॉल तुटत नाही. रिपीटरवाले बहुतेक वेळा नावापुढे शेपूट लावून देतात. ते शेपूट काढून टाकावे.

पासवर्ड कुठे ठेवला आहे यावरही बरेच अवलंबून असते. तो प्रोफाइलच्या फायलीत असला तर लॅपटॉप सुरू होताहोताच, कोणी लॉगिन करण्यापूर्वी, जोडला जातो. पण केडीईत क्वॉलेट, ग्नोममध्ये कीरिंग अशी वैयक्तिक तिजोरी असते. पासवर्ड तिथे ठेवला असेल तर लॉगिन होऊन तिजोरी उघडेपर्यंत जोडणी होत नाही. आपोआप लॉगिन लावून ठेवणाऱ्यांची इथे गंमत होते: लॉगिनचा पासवर्डच टाइप न झाल्याने तिजोरी बंद राहते, आणि वायफायसाठी रोज एक खिडकी पासवर्ड मागत उभी राहते. प्रोफाइलमध्ये हे नेटवर्क सर्व वापरकर्त्यांसाठी आहे असा खटका दाबला की पासवर्ड फायलीत जातो. तो तिथे उघड्या अक्षरांत असतो, म्हणून लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी. घरच्या वायफायसाठी ही तडजोड मला पटते. कार्यालयाच्या नेटवर्कचा पासवर्ड म्हणजे बहुधा आपल्या खात्याचाच पासवर्ड. तो तिजोरीतच राहू द्यावा.

आता लाईट जाते तेव्हा काय होते ते क्रमाने पाहू.

दुपारी लाईट गेली. राउटरला इन्व्हर्टर नसेल तर तो त्याच क्षणी बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. काही सेकंदांत घरचे नाव ऐकू येईनासे होते, नेटवर्कमॅनेजर जोडणी संपली असे नोंदवतो आणि यादी पुन्हा चाळतो. फोनचा हॉटस्पॉट चालू केलात तर तो १० अग्रक्रमाने निवडला जातो. इथवर सगळे आपोआप होते. तासाभराने लाईट येते, राउटर उठतो, घरचे नाव पुन्हा हवेत पुकारले जाते. लॅपटॉप मात्र फोनवरच बसून राहतो. घराला ५० दिले आहेत ना, मग तो का हलत नाही?

कारण अग्रक्रमाचा विचार जोडणी निवडतानाच होतो. एकदा जोडले की नेटवर्कमॅनेजर ती जोडणी चालू आहे तोवर मोडत नाही, समोर कितीही वरचढ नाव आले तरी. हा दोष आहे असे अनेकांना वाटते. मला हा निर्णय बरोबर वाटतो. वायफाय बदलणे म्हणजे पत्ता बदलणे, आणि पत्ता बदलला की चालू असलेली मीटिंग, अर्धवट चढलेली फाइल, बँकेचे उघडे पान, सगळे मध्येच तुटते. हे कधी चालेल आणि कधी नाही हे यंत्राला कळत नाही. म्हणून ते हात लावत नाही. फोनचा हॉटस्पॉट बंद केला की लॅपटॉप आपोआप घरी परततो, आणि पुष्कळांना तेवढे पुरते.

लाईट आल्यावरचा दुसरा अडथळा याहून जास्त चकवतो. हॉटस्पॉट लावला नव्हता, लॅपटॉप नुसता वाट पाहत होता, राउटर आला, तरी जोडणी होत नाही. राउटर उठताना त्याचे वायफाय आधी जागे होते आणि पत्ते वाटणारा भाग नंतर. लॅपटॉप घाईने जोडायला जातो, पत्ता मागतो, ४५ सेकंद थांबतो, उत्तर येत नाही. नेटवर्कमॅनेजर असे चार प्रयत्न करतो आणि मग त्या प्रोफाइलला काही मिनिटे बाजूला ठेवतो. लाईट दोन-तीनदा येऊन-जाऊन करत असेल, आणि आपल्याकडे ती तशीच येते, तर हे चार प्रयत्न सहज वाया जातात. ऑटोकनेक्ट-रिट्राइज या गुणधर्माला शून्य दिले की प्रयत्नांची मर्यादा उठते. घरच्या प्रोफाइलला ते द्यावे. अनोळखी ठिकाणच्या प्रोफाइलांना देऊ नये.

आता दुसरा प्रश्न: एकापेक्षा जास्त जोडण्या एकाच वेळी चालू असतील तर डेटा कुठून जातो? चौलहून मुंबईला जायला दोन वाटा आहेत. मांडव्याला जाऊन समुद्रमार्गे, किंवा वडखळ-पेणवरून रस्त्याने. दोन्ही उघड्या असल्या की माणूस वेळ आणि त्रास कमी असलेली धरतो. समुद्र खवळून मांडव्याची सेवा बंद झाली की काही न बोलता रस्त्याला लागतो. लिनक्सचा कर्नल तेच करतो. प्रत्येक जोडणीच्या वाटेला तो मेट्रिक नावाचा एक आकडा लावतो, आणि जिचा आकडा लहान ती वाट धरतो. अग्रक्रमात मोठा आकडा वरचढ, मेट्रिकमध्ये लहान. हे उलटसुलट असणे सुरुवातीला त्रास देते, म्हणून कागदावर लिहून ठेवावे. नेटवर्कमॅनेजर केबलच्या जोडणीला १००, वायफायला ६००, लॅपटॉपमध्येच सिम असेल तर त्या मोडेमला ७०० आणि ब्लूटूथला ७५० असे आकडे स्वतःहून देतो. केबल असेल तर केबल, नाहीतर वायफाय, आणि मोबाइल डेटा शेवटी, असा त्यामागचा विचार आहे.

लाईट गेल्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर या आकड्यांत आहे. वायफाय कार्ड सामान्यतः एका वेळी एकाच नेटवर्कशी जोडते, म्हणून घरचा राउटर आणि फोनचा हॉटस्पॉट दोन्ही धरून ठेवता येत नाहीत. पण फोन युएसबी केबलने जोडून युएसबी टेदरिंग चालू केले तर फोन ही वेगळी जोडणी होते. वायफाय राउटरकडे मोकळे राहते. दोन्ही एकाच वेळी उभ्या असतात. राउटर गेला की वायफायची वाट नाहीशी होते आणि डेटा फोनकडून जाऊ लागतो. राउटर आला की वायफायची वाट परत येते. मेनूला हात लावावा लागत नाही. चालू कॉल क्षणभर अडखळतो आणि बहुतेक ॲप स्वतः पुन्हा जोडून घेतात.

यात एक खड्डा आहे, आणि तो मोबाइलचा डेटा गिळतो. युएसबीने जोडलेला फोन लिनक्सला केबलचे नेटवर्क वाटतो. म्हणून त्याला मेट्रिक मिळते १००, वायफायला ६००. म्हणजे घरचे फायबर धडधाकट असताना, फोन नुसता चार्जिंगला लावून टेदरिंग चालू राहिले तरी, सगळा डेटा फोनकडून जातो. वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसत असल्याने संशयही येत नाही. फोनच्या जोडणीला मेट्रिक ७०० किंवा ८०० असे द्यायला हवे. एनएमसीएलआयने आयपीव्ही४ डॉट राउट-मेट्रिक हा गुणधर्म बदलायचा, आणि आयपीव्ही६चाही तसाच बदलायचा. आजकाल मोबाइलवर आयपीव्ही६ सर्रास असते, ते विसरले तर निम्मा डेटा तरीही फोनकडूनच जात राहतो.

अँड्रॉइड फोन काही वेळा प्रत्येक टेदरिंगला नवा हार्डवेअर पत्ता दाखवतात, त्यामुळे लिनक्सला दर वेळी नवाच फोन आल्यासारखे वाटते आणि आपण बदललेले प्रोफाइल लागू होत नाही. अशा वेळी प्रोफाइल नादुरुस्त आहे असे समजून पुन्हापुन्हा बनवत बसू नये. नेटवर्कमॅनेजरच्या मुख्य सेटिंगच्या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवून त्यात ड्रायव्हरच्या नावाची अट घालता येते. अँड्रॉइडचे टेदरिंग अनेकदा आरएनडीआयएस होस्ट या ड्रायव्हरने येते, आयफोनचे आयपीएचईटीएच या ड्रायव्हरने. त्या ड्रायव्हरने येणाऱ्या प्रत्येक जोडणीचे मेट्रिक ७००, एवढे लिहिले की फोन कोणताही असो, आकडा तोच लागतो.

अँड्रॉइडचे कौतुक एका गोष्टीसाठी करायला हवे. पत्ता देताना तो सोबत एक खूण पाठवतो की हा डेटा मोजून मिळणारा आहे. नेटवर्कमॅनेजर ती खूण ओळखतो आणि जोडणीवर ‘मीटर्ड’ असा शिक्का मारतो. मग ग्नोमचे सॉफ्टवेअर दुकान अपडेट आपोआप उतरवायचे थांबते. हा शिक्का प्रोफाइलमध्ये हातानेही लावता येतो. टर्मिनलवरून चालवलेली आज्ञा मात्र तो जुमानत नाही, म्हणून फोनवर असताना सगळी प्रणाली अपडेट करायला बसू नये.

युएसबी केबलची एक बाजू अशी की लाईट नसताना फोन लॅपटॉपच्या बॅटरीतून चार्ज होत राहतो. लाईट लवकर येणार नसेल तर ही किंमत महाग पडते. ब्लूटूथने टेदरिंग केले तर ती गळती थांबते, आणि त्याचे मेट्रिक मुळातच ७५० असल्याने काही बदलावे लागत नाही. वेग मात्र फार कमी. मेल आणि निरोपांना पुरेल, व्हिडिओला नाही.

आतापर्यंत आपण असे धरले की राउटर बंद पडतो आणि लॅपटॉपला ते कळते. झावळी पडून फायबर तुटते तेव्हा तसे होत नाही. राउटर चालू असतो, वायफाय पूर्ण असते, पत्ता मिळालेला असतो. फक्त पलीकडे इंटरनेट नसते. चौलच्या दत्ताच्या यात्रेत, भोवाळ्याच्या टेकडीच्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागलेली असताना, मोबाइलचेही असेच होऊ शकते: रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या, पण टॉवरवर इतका ताण की पान उघडत नाही. जोडणी आहे आणि वाट बंद आहे, ही अवस्था नुसत्या मेट्रिकला ओळखता येत नाही.

त्यासाठी नेटवर्कमॅनेजर एक तपासणी करतो. ठरलेल्या एका वेबपत्त्यावरून तो छोटासा मजकूर मागतो. मजकूर अपेक्षेप्रमाणे आला तर इंटरनेट आहे. भलताच आला तर मध्ये कोणीतरी लॉगिनचे पान घातले आहे, जसे स्टेशनातल्या वायफायवर असते. काहीच आले नाही तर वाट बंद. साधारण पाच मिनिटांच्या अंतराने ही तपासणी होत राहते. ती नापास झाली की त्या जोडणीच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवले जातात. वायफायचे ६०० होते ते २०,६०० होते, फोनचे ७०० त्यापेक्षा लहान ठरते, आणि डेटा फोनकडे वळतो. फायबर दुरुस्त झाले, पुढची तपासणी पास झाली, की वीस हजार काढून घेतले जातात. नेटवर्कमॅनेजरमध्ये मला सर्वांत आवडणारी ही गोष्ट आहे: कोणती वाट बरी आणि ती उघडी आहे का, याचा निकाल एकाच आकड्यात लागतो, नवी यंत्रणा उभी करावी लागत नाही.

फेडोरा वर्कस्टेशनवर आणि उबंटूवर ही तपासणी चालू असते. ती फेडोरा प्रकल्पाच्या आणि उबंटूच्या सर्व्हरांवरून होते. डेबियनवर मात्र ती मुळात बंद असते, तिच्यासाठी छोटे वेगळे पॅकेज बसवावे लागते. आपला लॅपटॉप दर पाच मिनिटांनी कोणत्या तरी सर्व्हरला ‘मी इथे आहे’ असे सांगतो हे काहींना रुचत नाही, आणि त्यांची हरकत समजण्यासारखी आहे. पण चौलच्या पावसाळ्यात मी ती चालू ठेवण्याच्या बाजूचा आहे.

कार्यालयातल्या केबलचा प्रश्न थोडा वेगळा. वायफायला नाव असते, वायरला नसते. लॅपटॉपला वायर लावली तर ती घरची की अलिबागच्या कार्यालयाची हे तिच्याकडे पाहून कळत नाही. घरी पत्ता राउटर देतो आणि कार्यालयात ठरलेला पत्ता हाताने घालावा लागतो, अशी स्थिती असेल तर दोन प्रोफाइले करावीत. राउटरकडून पत्ता घेणाऱ्या प्रोफाइलला वरचा अग्रक्रम, डीएचसीपीची वाट पाहण्याची मुदत १५ सेकंद आणि प्रयत्न एकच. ठरलेल्या पत्त्याच्या प्रोफाइलला खालचा अग्रक्रम. पहिले जमले तर आपण घरी, नाही जमले तर कार्यालयात. क्रम उलटा केला तर चालत नाही, कारण ठरलेला पत्ता कधी ‘नापास’ होतच नाही. वायर कुठलीही असो, तो लागतो आणि बसतो. पहिल्या प्रोफाइलमध्ये आयपीव्ही४ पत्ता मिळणे सक्तीचे आहे असा खटकाही दाबावा. नाहीतर आयपीव्ही६चा काही पत्ता लागला तरी नेटवर्कमॅनेजर काम झाले असे मानतो आणि दुसऱ्या प्रोफाइलकडे वळत नाही.

खुल्या नेटवर्कांविषयी मी कडक आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्टेशनांवर मोफत वायफाय सुरू झाले, त्यानंतर अशी नावे लॅपटॉपच्या यादीत साचत गेली. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कची ओळख म्हणजे फक्त त्याचे नाव, आणि ते नाव कोणालाही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला देता येते. लॅपटॉप ते ऐकून मुकाट्याने जोडून घेईल. अशा प्रत्येक प्रोफाइलमधला आपोआप जोडण्याचा खटका बंद करावा, म्हणजे गरज असेल तेव्हा आपण स्वतः निवडू. नाव लपवलेल्या नेटवर्कचेही तसेच. नाव लपवल्याने सुरक्षा वाढते हा गैरसमज आहे. उलट लॅपटॉपला ते शोधण्यासाठी जाईल तिथे त्या नावाने हाका माराव्या लागतात, आणि आपण कोणत्या घरातले हे आजूबाजूला कळते. घरच्या राउटरचे नाव उघडे ठेवावे आणि पासवर्ड लांब ठेवावा.

मुंबई-पुण्याच्या शिक्षणसंस्थांत शिकणारी मुले सुट्टीत चौलला येतात तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर एड्युरोम असू शकते. जगभर एकाच नावाने चालणारे हे शैक्षणिक वायफाय भारतात अर्नेट सांभाळते. त्याचे प्रोफाइल हाताने भरू नये. संस्थेसाठी तयार केलेला इन्स्टॉलर चालवावा, म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्राची अट नीट बसते. त्या अटीशिवाय पासवर्ड भलत्याच्या हाती जाण्याची शक्यता असते.

जोडले गेल्यावर पुढची कामेही आपोआप करता येतात. नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरात डिस्पॅचर नावाचा एक उपफोल्डर आहे. त्यात ठेवलेल्या स्क्रिप्ट जोडणी उभी राहताना आणि मोडताना चालवल्या जातात, आणि कोणते प्रोफाइल, कोणते कार्ड, वर आले की खाली गेले, हे त्यांना सांगितले जाते. घरचे नेटवर्क आले की बॅकअप सुरू करणे, फोनवर गेलो की तो थांबवणे, अशी कामे दहा-बारा ओळींत होतात. स्क्रिप्टची मालकी रूटकडे हवी आणि इतरांना ती बदलता येता कामा नये, नाहीतर नेटवर्कमॅनेजर तिला हात लावत नाही आणि त्याबद्दल पडद्यावर काही सांगतही नाही. व्हीपीएनसाठी स्क्रिप्टची गरज नाही. कार्यालयाचे व्हीपीएन एखाद्या प्रोफाइलला जोडून ठेवले की ते त्याच्यासोबत उठते. फायरवॉलचा विभागही प्रोफाइलनिहाय ठरतो: घरी प्रिंटर दिसावा म्हणून ‘होम’, बाहेर सगळीकडे ‘पब्लिक’.

हे सगळे बसवल्यावर पावसाची वाट न पाहता कोरड्या दिवशी तपासून घ्यावे. फोन युएसबीने जोडावा आणि टर्मिनलवर ‘आयपी राउट’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील, एक वायफायची ६००ची, एक फोनची ७००ची. आता राउटरची फायबरची वायर हलकेच काढावी, राउटर चालूच ठेवावा. दुसऱ्या खिडकीत जर्नलसीटीएलने नेटवर्कमॅनेजरच्या नोंदी वाहत्या ठेवाव्यात. तपासणी नापास झाल्याची नोंद येईल, आणि पुन्हा ‘आयपी राउट’ दिल्यावर वायफायच्या ओळीतला आकडा २०,६०० झालेला दिसेल. वायर परत लावून तो ६०० वर येतो का पाहावे. मग राउटरचा प्लगच काढावा आणि वायफायची ओळ नाहीशी होते का ते बघावे. शेवटी प्लग लावून दोन-तीन मिनिटे थांबावे. ती ओळ परत आली नाही तर नोंदींत पत्ता न मिळाल्याचा उल्लेख शोधावा. तो असला तर प्रयत्नांची मर्यादा शून्य करायची राहिली आहे. दोन्ही ओळी आहेत पण फोनची १०० दाखवते, तर फोनच्या ड्रायव्हरचे नाव वेगळे आहे. ‘ईथटूल’ला आय हे अक्षर आणि कार्डाचे नाव दिले की ते पहिल्याच ओळीत मिळते.